बारावा चौरंग

आवेलीनला माणसांच्या पायांची किळस होती, आणि दर वर्षी ईस्टरच्या आधी बरोब्बर बावीस पाय तिच्या वाट्याला यायचे.

कुणी लादले नव्हते, तिनेच ओढवून घेतले होते. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, जांभ्याच्या चढणीवर, किरिस्तांवांची वीसपंचवीस घरं होती आणि त्यांची एक कौलारू इगर्ज, म्हणजे चर्च, होती. चाळीस दिवसांचा उपास संपत आला की शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी पाद्री वेदीपुढे गुडघे टेकून शिष्यांचे पाय धुवायचा. येशूने मरणाच्या आदल्या दिवशी धुतले, तसे. उजवा पाय धुवायचा, पुसायचा आणि त्याला ओठ टेकवायचे. आता पाद्री झाला तरी माणूसच. त्याच्या ओठांना बंदरावरचा चिखल आणि माशांचे खवले लागू नयेत म्हणून त्या दिवशी सकाळीच इगर्जीमागच्या विहिरीवर हे पाय घासून काढायची रीत पडली होती. म्हणजे धुतलेलेच पाय पुन्हा धुवायचे! आवेलीनला हे नाटक मनापासून घाण वाटायचं. तरी नऊ वर्षं ती नारळाची किशी आणि शिकेकाई घेऊन विहिरीवर बसत होती, कारण उपासकाळातलं तिचं प्रायश्चित्त तिने हेच ठरवलं होतं.

पाय तरी कसले एकेकाचे! कायतान मुखत्यार हा इगर्जीचा कारभारी. त्याची नखं पिवळी, जाड, आणि खाली वर्षभराचा मळ. साबास शिंप्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. कुणाच्या भेगेत आठवड्यापूर्वीचा खवला रुतलेला. "शी शी शी!" करत आवेलीन घासायची. "पाद्री उजवाच धुणार ना? मग डावा कशाला पुढे करतोस रे मेल्या?"

"असू दे गो आवेलीनबाय," साबास दात काढायचा. "वर्षातनं एकदा निघतो बिचारा."

आणि या लोकांचे उपास! ते बघून तर तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घ्यायची, मुंडी खाली घालायची, आणि त्या दिवसापासून मटण-कोंबडी बंद. मासळी मात्र चालते. आता रत्नागिरीत राहून मासळी चालते म्हटल्यावर उपास कसला डोंबलाचा? कायतान मुखत्याराच्या घरून चाळीस दिवस सुरमई तळल्याचा वास यायचा. वर हा माणूस ढेकर देत ओट्यावर येऊन सांगणार, "कोंबडीची फार आठवण येते हो. पण त्याग म्हणजे त्याग!"

खालच्या वाडीतली गंगा मासे घेऊन चढणीवर यायची. तीसुद्धा टोपली उतरवताना हसायची. "आवेलीनबाय, तुमच्या लोकांचा उपास आला की माझी पाटी दुपारीच रिकामी. देव तुमचा भला दिसतो."

आवेलीनला त्या हसण्याचा राग यायचा नाही. राग यायचा तो आपल्या लोकांचा. ती स्वतः मासळीला शिवत नसे. दिवसातून एकदा तांदळाची पेज आणि मिठाचा खडा, बस्स. शेवटच्या आठवड्यात तिची गालफडं बसायची, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. उपास करावा तर आवेलीनबायने, असं सगळी आळी म्हणायची, आणि खरं सांगायचं तर ते कानांवर पडलं की तिला बरं वाटायचं. तिचा उपास कशापायी होता ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

आता बावीसच पाय का, तर शिष्य बारा असले तरी माणसं अकराच बसत. वेदीपुढे चौरंग बारा मांडायचे. प्रत्येक चौरंग एकेका शिष्याच्या नावाचा आणि एकेका घराण्याचा, बापामागून मुलाचा. पेद्रूचा चौरंग मुखत्याराच्या घराकडे, तोमासचा साबासकडे, असं करत अकरा. बारावा ज्यूदासचा. ज्याने तीस नाण्यांपायी येशूला धरून दिलं, त्याच्या जागी कुठल्या घराण्याने बसावं? म्हणून बारावा चौरंग मांडायचा आणि मोकळा ठेवायचा. त्याच्यापुढे तांब्या नाही, घंगाळ नाही. पोरंटोरं त्याला चुकून शिवली तरी आया हात धुवायला लावायच्या.

तोमासचा चौरंग पूर्वी आवेलीनच्या बापाकडे होता. बाप गेला, आणि मुलगा इनास आगबोटीवर खलाशी म्हणून निघून गेला तो सोळा वर्षं फिरकलाच नाही. मग चौरंग साबासने घेतला. आवेलीनने हूं की चूं केलं नाही. भावाचं नाव तोंडातून काढायचीच तिला शिसारी होती.

त्याचं कारण असं. आई सात महिने अंथरुणाला खिळली होती. पाठीला चट्टे पडून सडले होते आणि घरात पाऊल टाकवत नव्हतं असा वास. आवेलीन तीस वर्षांची, लग्न ठरता ठरता राहिलेली, आईचं सगळं करत होती. इनास तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा, आईचा जीव की प्राण. तो दारातूनच बोलायचा, शर्टाची बाही नाकाला लावून. एक दिवस म्हणाला, मुंबईला जातो, बोटीवर काम मिळतंय, ईस्टरला परत येतो. आईने तो अख्खा उपासकाळ दाराकडे बघत काढला. शुभ शुक्रवारी दुपारी ती गेली. आवेलीनने आधी पत्र धाडलं होतं, मग तार केली. ना माणूस आला ना चिठ्ठी.

आणि एकोणीसशे बत्तीस सालच्या उपासकाळात, तिसऱ्या आठवड्यात, हा आगबोटीतून उतरला. दोन हमालांनी दोन्हीकडून धरून चढणीवर आणला. चाळिशीचा असेल, दिसत होता साठीचा. उजवा पाय घोट्यापासून फडक्यांत गुंडाळलेला. बॉयलरची वाफ लागून भाजला होता, दीड वर्ष झालं तरी भरला नव्हता. तो पडवीत टेकला, आणि आवेलीनला तो वास आला. तोच, आईच्या खोलीतला! सोळा वर्षांत एक दिवसही ती तो विसरली नव्हती.

"बाय," इनास म्हणाला.

तिने पडवीच्या टोकाला एक घोंगडी टाकली आणि आत गेली. त्यानंतर रोज पेजेची वाटी घोंगडीपासून हातभर लांब ठेवायची, आणि तो खाईपर्यंत नाकाला पदर. मनातून मात्र एक कडू समाधान उकळ्या फुटल्यासारखं वर यायचं. आता कळला का वास? आता बाही कुणाच्या नाकाला लागली, रे शहाण्या?

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि सांगितलं, कापायला हवा, नाहीतर विष वर चढेल. इनासने ईस्टरनंतरचा सोमवार मागून घेतला. त्याला त्याआधी एक गोष्ट हवी होती. ईस्टरआधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मिसेची प्रार्थना सुटल्यावर तो काठी टेकत इगर्जीच्या दारात उभा राहिला. लोक नाकं दाबून बाजूने निघून जात होते. कायतान मुखत्यार बाहेर आला तसा इनास म्हणाला, "मुखत्यार, गुरुवारी मला बाराजणांत बसू द्या."

"तुझ्या बापाचा चौरंग साबासकडे आहे आता."

"तो नको. बारावा द्या."

मुखत्याराचे डोळे विस्फारले. "ज्यूदासचा? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"सोमवारी पाय कापणार. कापायच्या आधी एकदा पाद्रीच्या हातचं पाणी पडू दे त्याच्यावर. दुसरं काय मागत नाय."

"अरे, पण त्या जागेवर कुणी बसत नाही! पाय धुवायचे ते शिष्यांचे. ज्यूदासचे कशाला?"

"येशूने धुतले होते," इनास शांतपणे म्हणाला. "ज्यूदास तेव्हा तिथेच बसलेला होता. पाय धुऊन झाल्यावर उठून गेला. लहानपणी आम्हांला आईने शिकवलंय."

मुखत्याराने मागून बाहेर आलेल्या आवेलीनकडे बघितलं. येशूच्या दुःखभोगाची गोष्ट तिला तोंडपाठ होती. तिने मनातल्या मनात एकेक ओळ चाळून बघितली, आणि तिला घाम फुटला. खरंच की! ज्यूदास होता. इतकी वर्षं बावीस पाय घासले, चौरंग मोकळा बघितला, आणि एकाच्याही टाळक्यात हे शिरलं नाही, तिच्याही नाही. पण भावाच्या बाजूने बोलायला जीभ उचलेना.

मुखत्यार मोठा धूर्त. नाही म्हणावं तर पाद्रीपर्यंत वाद जाणार. त्याने खांदे उडवले. "असं करू. आवेलीनबाय सगळ्यांचे पाय धुते. तुझाही धुऊ दे. वास गेला तर बस." आणि हसला. बहीण भावाशी बोलत नाही हे आळीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

ते हसणं आवेलीनच्या डोक्यात गेलं. सुरमई खाऊन त्याग करणारं हे थोबाड, आणि ते तिच्या उपासाची परीक्षा बघणार? "धुते," ती म्हणाली. "त्यात काय मोठं!"

माया नव्हती हो त्यात, सगळी मिजास होती.

मंगळवारी खालच्या वाडीत होळी पेटली. गुरुवारी सकाळीही ढोल वाजतच होते. विहिरीवर अकराजण येऊन बावीस पाय घासून गेले. जाताना एकाने नाक मुरडलं, कारण इनास फणसाच्या बुंध्याशी टेकून बसला होता. गंगाने कडुलिंबाचा पाला आणून दिला होता, आवेलीनने तो उकळून हंडाभर पाणी केलं होतं. तिने कापराची वडी पदराच्या टोकात बांधली, पदर नाकावरून गच्च आवळला, आणि फडकी सोडायला घेतली.

शेवटचं फडकं कातडीसकट आलं. आत नुसता लगदा, हिरवट, काळपट, आणि त्यात काहीतरी वळवळत होतं. आवेलीन उठली, फणसामागे जाऊन ओकली. पोटात होतं काय म्हणा, पेजेचं पाणी पडलं. तोंड पुसून ती परत येऊन बसली. केसांतला आकडा काढला आणि त्याच्या टोकाने एकेक किडा वेचून बाजूच्या चुलीतल्या कोळशांवर टाकू लागली.

"आईच्या वेळी पण असा पदर बांधायचीस?" इनासने विचारलं.

सोळा वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली. "बांधायचे. तुझ्यासारखी पळाले नाय."

"तार मिळाली होती, बाय."

तिचा हात थांबला.

"मुंबईत होतो. पत्र त्याच्याआधी मिळालं होतं, आई तुझी वाट बघते म्हणून. धक्क्यावर गेलो. आगबोट समोर लागलेली, तिकीट खिशात. आणि तो वास आला. तिथे, धक्क्यावर! मला वाटलं, घरी गेलो की ती जवळ घेणार, तोंडाला तोंड लावणार. नाय जमलं. परत फिरलो. मग तार आली. मग कुठल्या तोंडाने येऊ?"

"शरम नाय वाटत सांगायला?"

"वाटते. म्हणूनच सांगतो. आजच पाद्रीसमोर गुडघे टेकून सांगितलं, आता तुला."

आवेलीनने कडुलिंबाचं पाणी ओतलं. त्याने दात आवळले, डोळ्यांतून पाणी आलं, पण पाय हलवला नाही. ती बराच वेळ नुसती धूत राहिली. तिचं प्रायश्चित्त, तिची पेज, तिचे बावीस पाय, सगळं त्या घंगाळातल्या गढूळ पाण्यात फिरत होतं. पाद्रीला ती दर वर्षी पापं सांगायची, रागाची, चुगलीची, गर्वाचीसुद्धा. एक सोडून.

"गुरुवार होता," ती एकदम म्हणाली. पदर नाकावर असल्याने आवाज घुसमटत होता. "आजच्यासारखाच. आई म्हणाली, आवेलीन, जवळ ये गो, पापा घेते. तोंडाला वास मारत होता तिच्या. मी तोंड फिरवलं. पाणी आणते म्हणून सांगितलं आणि विहिरीवर येऊन बसले, दोन तास. इथेच. दुसऱ्या दिवशी ती गेली."

इनासने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"सोळा वर्षं कुणाला सांगितलं नाय मी. लोक म्हणतात, आवेलीनबायने आईचं केलं तसं कुणी करणार नाय."

"मग आपण दोघं सारखीच, बाय."

"सारखी?" ती उसळली. "फटकी पडो तुझ्या तोंडाला! सात महिने गू-मूत काढलं मी. तू धक्क्यावरनं परत फिरलास. म्हणे सारखी!" आणि रागारागाने तिने त्याच्या पायाला स्वच्छ मऊ फडकं गुंडाळलं, इतक्या हलक्या हाताने की तिचं तिलाच नवल वाटलं.

दुपारी इगर्ज भरली. मूर्ती जांभळ्या कापडांनी झाकलेल्या, घंटा मुक्या, त्यांच्याऐवजी लाकडी खटखटा वाजला. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. अकराजण धुतल्या पायांनी चौरंगांवर बसले, आणि बाराव्यावर इनास. मुखत्याराने सकाळी वाकून वास घेतला होता. कडुलिंब आणि कापराखाली त्याला काही लागलं नव्हतं, मग बोलायला तोंड उरलं नाही. पण दुपारचा उकाडा, मेणबत्त्या आणि माणसांची गर्दी. जखम ती जखमच. हळूहळू तो वास परत उठला आणि बायकांच्या बाजूला पदर नाकांवर गेले.

पाद्री तरुण होता, गोव्याहून या वर्षीच आलेला, हात बायकांसारखे मऊ. तो एकेका पायापुढे गुडघे टेकत आला. पाणी, टॉवेल, ओठ. मुखत्याराच्या पिवळ्या नखांना ओठ लागले, साबासच्या चिखल्यांना लागले. अकरा झाले. मग तो बाराव्यापुढे आला, तेव्हा इनासने फडकं सोडलं.

पाद्री टेकला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने तांब्या उंच धरला, हातभरावरून पाण्याची धार सोडली, अर्धी पायावर, अर्धी फरशीवर. मग तोंड फिरवलं आणि वेदीकडे वळला.

पाण्याने जखम उघडी पडली होती. पाय तसाच पुढे राहिला, ओला, टपटपत. पुसायला कुणी नाही. इनास खाली मान घालून बसला होता. मुखत्याराने समाधानाने सुस्कारा टाकला, आणि आवेलीनला त्या सगळ्या इगर्जीचीच अशी किळस आली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कायतानची, साबासची, त्या मऊ हातांच्या पोराची. आणि मग तिला ते फिरवलेलं तोंड पुन्हा दिसलं. ते तोंड तिला ओळखीचं होतं. सोळा वर्षं आरशात तेच बघत होती ती.

ती उठली. वेदीपुढच्या लाकडी कठड्याच्या आत बायकांनी पाऊल टाकायचं नसतं. तिने कठड्याचं दार ढकललं.

"आवेलीनबाय! कुठे चाललीस?" मुखत्यार दबक्या आवाजात ओरडला. "बाहेर हो!"

"गप रे, सुरमईखाऊ!" आवेलीन म्हणाली, दबक्या आवाजात नाही. सगळ्या इगर्जीला ऐकू गेलं.

ती बाराव्या चौरंगापुढे बसली. नाकावर काही नव्हतं, कापूर घरीच राहिला होता. सणासाठी धुऊन ठेवलेल्या पांढऱ्या लुगड्याचा पदर तिने हातात घेतला आणि पाय टिपू लागली. वास सरळ डोक्यात शिरला. पोटातून पेज वर आली, तिने ती गिळली. पुन्हा आली, पुन्हा गिळली. पदरावर पिवळे-लाल डाग उमटत गेले.

इनासने पाय मागे ओढायला बघितला. "बाय," तो पुटपुटला, "वास येतो?"

"येतो. घाणेरडा वास येतो," ती म्हणाली. "पाय मागे घेऊ नकोस." आणि ती खाली वाकली.